डाव्या चाकाचे नट

मानांग विमिंगचं, म्हणजे आमच्या विमिंगताईचं, पूर्ण नाव लुझविमिंडा. देशातल्या तीन मोठ्या बेटसमूहांच्या नावांचे तुकडे जोडून तिच्या वडिलांनी ते बनवलं होतं. तीही गेली एकेचाळीस वर्षं तुकडे जोडूनच आमच्या गिमारास बेटावरच्या जीपन्या, म्हणजे उतारूंच्या लांबलचक जीपगाड्या, चालत्या ठेवते आहे. जपानहून भंगारात आलेलं इंजिन, कुठल्या तरी ट्रकचा आस, इथल्याच लोहाराने ठोकलेला सांगाडा. आमच्या जीपनीत एकही भाग दुसऱ्याचा सख्खा नसतो. पण मानांगचा हात लागला की सगळे एका घरात नांदायला लागतात.

मी तेरयो. बावन्न वर्षांचा, तीन नातवंडांचा आजोबा, पण तिच्यासाठी अजूनही 'तोतो'. शेजारच्या शेंबड्या पोरालाही हीच हाक मारतात. माझी जीपनी 'सांता रीता' तिच्याच गॅरेजात लहानाची मोठी झाली. मानांगच्या कामाला कुणी नावं ठेवली तर मला खपत नाही. नावं ठेवायचा हक्क फक्त माझा आहे, कारण चोवीस वर्षं तिची बोलणी मी खाल्ली आहेत.

तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो कुठल्याशा बंदराला लागला आणि तिकडेच रमला. मानांग त्याबद्दल फार बोलत नाही. एकदाच म्हणाली होती, "इंजिन बरं होतं रे त्याचं, स्टिअरिंग खराब होतं." मुलगी रोझवी हिला तिने एकटीने वाढवलं, आणि वाढवताना एक नियम पाळला. पोरीने पान्याला हात लावायचा नाही. रोझवी गॅरेजात शिरली की ही ओरडायची, "बाहेर! पुस्तक घे!" त्या ओरडण्यामुळेच रोझवी आज पलीकडे इलोइलो शहरात मोठ्या इस्पितळात नर्स आहे.

मागच्या नोव्हेंबरात मानांगचा उजवा खांदा गेला. ट्रकच्या चाकाचा नट गंजून बसला होता. तिने लांब पाना लावला, पान्याला पाइप अडकवला आणि अंगातला होता नव्हता तो जोर लावून ओढला. नट सुटला, खांदाही सुटला. डॉक्टर म्हणाले, आतली नस अर्धी फाटली आहे, पुन्हा असं ओढलं तर उरलेली अर्धीही जाईल.

रोझवी रजा घेऊन आली. आम्हा इलोंगो लोकांचा आवाज भांडताना चढत नाही, लांबतो. परक्याला वाटतं मायलेकी गाणं म्हणतायत. मी बाकड्यावर बसून ऐकत होतो.

"नानाय, आता पुरे. गॅरेजला कुलूप घाल आणि माझ्याकडे राहायला ये."

"आणि तिथे करू काय?"

"आराम कर. टीव्ही बघ."

"बिघडला तर बघीन."

"थट्टा नको. हा हात कायमचा गेला म्हणजे?"

"डावा आहे की."

रोझवीने सुस्कारा सोडला. ती नर्स आहे, हट्टी म्हातारे रोज बघते. म्हणाली, "ठीक. मेमध्ये आंब्याच्या फिएस्टाला मी येईन. माझ्यासमोर जीपनीचं एक चाक काढून दाखव. पाइप नाही, खांद्याला ताण नाही. निघालं, तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही निघालं, तर त्याच दिवशी तुझी बॅग भरायची. कबूल?"

"एकच चाक? चारही काढते," मानांग तोऱ्यात म्हणाली.

रोझवीची बोट सुटली तशी ती माझ्या शेजारी येऊन बसली. डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता. "तोतो," ती म्हणाली, "तिकडे गेले ना, तर मी महिनाभरसुद्धा काढायची नाही." हे तिने इतकं साधेपणाने सांगितलं की मी त्याच संध्याकाळी तिच्याबरोबर गॅरेजातली अवजारं धुंडाळायला लागलो.

हवेच्या दाबावर नट काढायचं मशीन, ज्याला आम्ही इम्पॅक्ट म्हणतो, तिच्याकडे होतं. पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज लागते, आणि वीज आमच्याकडे मनाला येईल तेव्हा येते. शिवाय जीपनी काही गॅरेजच्या दारात येऊन बिघडत नाही. ती चढावर, आंब्याच्या बागेत, धक्क्यावर बिघडते. तिथे ती हवेची नळी किती ओढणार? तेव्हा बॅटरीचं मशीन घ्यायचं ठरलं.

पहिलं आम्ही जपान सरप्लसच्या दुकानातून आणलं. तिकडच्या लोकांनी वापरून टाकलेलं, हिरवं, अवजड धूड. बॅटरीत मागच्या मालकाची थोडी पुण्याई शिल्लक होती. तेवढ्यावर मानांगने भंगारातल्या एका चाकाच्या ब्रेक-ड्रमचे चार नट काढले. नुसतं बोट दाबायचं, नट गरकन बाहेर. चौथा नट हातात घेऊन ती त्याच्याकडे बघत राहिली आणि अचानक खदखदून हसली. "अरे, हे तर फसवणूक आहे!" असा तिचा चेहरा मी रोझवी नर्सची परीक्षा पास झाली तेव्हा पाहिला होता.

मग बॅटरी संपली आणि मला मदत करायची हुक्की आली.

जपानची वीज शंभरची, आमची दोनशेवीसची. सरप्लसची वस्तू मध्ये ट्रान्सफॉर्मर ठेवल्याशिवाय लावायची नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी घरटी एक पंखा नाहीतर एक भाताचा कुकर जळलेला असतोच. मलाही ठाऊक होतं. पण चार्जर दिसायला इतका गरीब होता की मी तो सरळ भिंतीत खुपसला. फट् झालं. निळसर धूर आला आणि करपलेल्या कोळंबीसारखा वास सुटला.

मानांग धूर विरेपर्यंत थांबली. मग गोड, लांबट आवाजात म्हणाली, "तोतो, तू जीपनी चालव हं. दुसरं काही चालवत जाऊ नकोस."

तिने फिएस्टाच्या लेचॉनसाठी, म्हणजे अख्खं भाजायला पाळलेलं डुक्कर विकलं. गल्लीत सांगून टाकलं, "यंदा माझ्याकडे लेचॉन नाही. ज्यांना मी हवी असेन त्यांनी सुकी मासळी खायला या." आणि एका सोमवारी आम्ही नवं मशीन घ्यायला बोटीने शहरात निघालो. माझ्या खांद्यावर तांदळाची गोणी होती, आणि गोणीत तो ड्रम, सुटलेले चार नट परत आवळून, गंजलेल्या सहाही नटांसकट.

"दुकानात हे कशाला?" मी विचारलं.

"नवरीमुलगी बघायला जाताना नवरा नको का बरोबर?"

दुकानाच्या दारावर गार्ड होता. त्याने नेहमीप्रमाणे छडी गोणीत खुपसली. टण्ण आवाज आला. "काय आहे आत?"

"चाक," मानांग म्हणाली.

"चाक आत नेता येत नाही, मॅम."

"मग तुमची मशीनं बाहेर आणा."

शेवटी मॅनेजरला बोलावलं आणि आम्ही चाकासकट आत गेलो. वेंडेल नावाचा विक्रेता पुढे आला. मनिलाचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला भराभर. मानांगने विचारलं, "बॅटरीचं इम्पॅक्ट दाखव." वेंडेलने छोटंसं, सुबक मशीन काढलं. त्याचं तोंड बारीक होतं, पेन्सिलीएवढं.

"ह्याने स्क्रू बसतात," मानांग म्हणाली.

"मॅम, ह्यालाही इम्पॅक्टच म्हणतात."

"म्हणत असतील. तुझ्या शर्टालाही शर्ट म्हणतात आणि माझ्याही. मला चौकोनी तोंडाचं दे, ज्याला चाकाच्या नटावर चढणारी गोटी बसते. ते." खांदा उचलवत नव्हता, म्हणून तिने ओठ पुढे काढून वरच्या फळीकडे दाखवलं. ओठांनी वस्तू दाखवणं आमच्याकडे पाळण्यातच शिकतात, पण मानांगसारखे ओठ कुणाचे नाहीत. दहा मशीनांतलं सातवं ती बरोबर दाखवते.

ते सगळ्यात दांडगं होतं. वेंडेल खोक्यावरचे आकडे वाचू लागला, इतका जोर, तितके फेरे. मानांगने ते हातात घेतलं, हात थोडा पुढे केला आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. बाराव्यालाच तिचा ओठ दातांखाली गेला. "जोर भरपूर आहे," ती म्हणाली. "नट काढील आणि खांदाही काढील. ह्याचा धाकटा भाऊ आहे का?"

धाकटा भाऊ निघाला. तळहाताएवढ्या लांबीचा, वजनाला जवळजवळ निम्मा. वेंडेल नाक मुरडून म्हणाला, "मॅम, हे गाड्यांना. जीपनीला कमी पडेल."

"तुला कुणी सांगितलं?"

"खोक्यावर लिहिलंय."

"खोकं वाचून लग्न करतात का? गोणी सोड, तोतो."

चकचकीत फरशीवर आम्ही ड्रम ठेवला. मी त्यावर पाय रोवून बसलो, जणू घोड्यावर. वेंडेलने मशीनच्या मुठीवरचं बटण दाखवलं. अंगठ्याने आत ढकललं की सैल, पलीकडून परत ढकललं की घट्ट. मानांगने गोटी नटावर बसवली आणि दाबलं. टर्रर्र झालं, माझी हाडं खुळखुळली, एक, दोन, तीन, चार, आणि नट सुटला. दुकानातली गिऱ्हाइकं जमा झाली. दुसरा नट. तिसरा. तिसऱ्यानंतर तिने मशीनच्या पोटाला हात लावून पाहिला, जसा रोझवी पेशंटच्या कपाळाला लावत असेल. गरम नव्हतं. मग बॅटऱ्या बदलून पाहिल्या. लहान बॅटरीने मशीन हलकं व्हायचं पण धापा टाकायचं. मोठीने जोर यायचा पण मूठ खाली ओढली जायची. तिने मधली घेतली, आणि मधल्याच दोन मागितल्या, म्हणजे एक चालेल तोवर दुसरी वीज असेल तेव्हा भरून ठेवलेली असेल.

"हीच बॅटरी दिव्याला चालते?"

"चालते मॅम. ग्राइंडरलाही. सगळं एकाच कुटुंबातलं आहे."

"बरं. आणि ह्याचे कार्बन ब्रश झिजले की कुठे मिळतात?"

"मॅम, ह्यात ब्रशच नसतात."

मानांग थबकली. "मग बिघडतं काय?"

"सहसा काही नाही."

"मग मी दुरुस्त काय करू?" तिने असं तळमळून विचारलं की मॅनेजरसकट सगळे हसले. मशीन घेतलं. वेंडेलला ती जाता जाता म्हणाली की बाळा, खोकं कमी वाच आणि वस्तू हातात जास्त धर. ते तिने इतक्या मधुर सुरात सुनावलं की तो "थँक यू, मॅम" म्हणाला.

त्यानंतर तीन आठवडे ती रोज सकाळी त्या ड्रमवर सराव करायची. बटण आत, सैल. बटण बाहेर, घट्ट. अंगठ्याला वळण लागलं. आम्ही ड्रायव्हर येता जाता हॉर्न वाजवून दाद द्यायचो. खांद्याला बर्फ लावून, डाव्या हाताने मशीन पेलत, ती गाणी म्हणत कामं करायची. इतकी खूश मानांग मी कधी पाहिली नव्हती आणि तिच्या खुशीचा मला थोडा त्रासही होत होता, कारण ती सूर सोडून गाते.

फिएस्टाच्या दिवशी सकाळी रोझवी आली. पांढरा फ्रॉक, हातात शहरातून आणलेल्या केकचं खोकं. चर्चकडून बँडचा आवाज येत होता. नऊ वाजता वीज गेली. गल्लीने एका सुरात "आऽऽ" केलं आणि मानांगने टाळी वाजवली. "छान! आता बघ. ह्याला वीज लागत नाही."

चाक माझ्याच सांता रीताचं काढायचं होतं. गॅरेजसमोर चिखल होता म्हणून मी गाडी जरा तिरकी लावली होती, ड्रायव्हरची बाजू मानांगकडे. पुढचं चाक तिच्यासमोर आलं. मासळी खायला आलेले शेजारी ताटल्या घेऊनच उभे राहिले.

मानांगने गोटी बसवली. अंगठ्याने बटण आत ढकललं. दाबलं.

टर्रर्र.

नट हलला नाही. तिने पुन्हा दाबलं, जास्त वेळ. मशीन कर्कश ओरडत राहिलं. नट ढिम्म. तिने दुसरी बॅटरी चढवली. तेच. दुसऱ्या नटावर लावून पाहिलं. तेच. शेजाऱ्यांचं चघळणं थांबलं. मानांगच्या कपाळावर घाम आला. ती मशीनकडे असं बघत होती, जसं खूप वर्षांच्या ओळखीच्या माणसाने भर बाजारात ओळख दाखवू नये. खरं तर ओळख तीन आठवड्यांचीच होती.

"नानाय," रोझवी हळूच म्हणाली. "राहू दे." आणि तिने आईच्या दुखऱ्या खांद्यावर अलगद हात ठेवला. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता, आणि तेच मला बघवलं नाही.

मी खाली वाकलो. नटाच्या कडेला गंजाची एक रेघ असते, बोल्टावर तिचा जोड असतो. नटावरची रेघ पुढे सरकली होती. म्हणजे नट हलला होता, पण आत! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सांता रीताचा आस जुन्या जपानी ट्रकचा. त्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, आणि आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे हे चाक डावंच. उजवीकडचा नट नेहमीसारखा सुटतो, डावीकडचा उलटा फिरवला तर सुटतो. हे मानांगच मला शिकवत आली आहे. तिच्या हाताने एकेचाळीस वर्षांत ही चूक एकदाही केली नव्हती. पण तो ड्रम उजव्या चाकाचा होता, आणि अंगठ्याने शिकताना उजवंच शिकून घेतलं होतं. आतापर्यंत ती नट काढत नव्हती, जिवाच्या आकांताने आवळत होती.

मोठ्याने सांगावं तर रोझवी म्हणेल, बघा, आता हिला हेही आठवत नाही. म्हणून मी ओठ पुढे काढले. आधी पलीकडच्या उजव्या चाकाकडे, मग ह्या डाव्याकडे. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे.

मानांगने माझ्याकडे पाहिलं. "काय रे, सगळ्या गल्लीसमोर मुका मागतोयस?"

लोक फिस्सकन हसले. मी लाल झालो, पण ओठ आत घेतले नाहीत. तिकडे. इकडे. तिकडे. इकडे. मानांगची नजर माझ्या ओठांबरोबर गेली, परत आली, नटावर थांबली. तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि तोही दुखराच हात.

"अगं बाई! डावं चाक!" मग ती हसायला लागली. तिने लपवलंच नाही काही, पोट धरून हसली. "इन्दाय, तुझी आई पंधरा मिनिटं नट आवळतेय! माझा हात कधी चुकला नाही गं. हा अंगठा नवा आहे!"

रोझवीला काही कळेना. मानांगने आटे समजावून सांगितले, हाताने फिरवून दाखवले. मग बटण बाहेर ढकललं. आता मात्र मला धडकी भरली, कारण त्या मशीनने आवळलेला नट म्हणजे चेष्टा नाही. मानांगने गोटी बसवली, कोपर कमरेला टेकवलं, म्हणजे खांद्याला काहीच ताण नाही, आणि दाबलं.

टर्रर्र. टर्रर्र. कटक!

नट गरगरत बाहेर आला. गल्लीत असा ओरडा झाला की बँडवाल्यांना वाटलं त्यांच्यासाठीच आहे, आणि त्यांनी वाजवण्याचा जोर वाढवला. मी ओरडलो, नाचलो, कुणाची तरी मासळी माझ्या हाताने खाली पडली. मला इतका आनंद झाला होता की मी माफीही मागितली नाही.

दुसरा नट. तिसरा. चौथा. पाचवा. सहाव्यापाशी मानांग थांबली. वळून तिने मशीन रोझवीपुढे धरलं.

"मी?" रोझवी म्हणाली. "तू तर मला कधी..."

"तेव्हा तुला परीक्षा पास व्हायची होती. आता झालीस की. धर."

रोझवीने केकचं खोकं माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी मशीन धरलं, डोळे बारीक केले आणि दाबलं. पहिल्या झटक्याला किंचाळली. नट निघाला तेव्हा मात्र तिचा आवाज ऐकून मी मानांगकडे बघितलं, कारण हुबेहूब तिचंच हसणं होतं ते. पांढऱ्या फ्रॉकवर ग्रीसची बोटं उमटली होती. रोझवीने त्याकडे पाहिलं आणि पुसली नाहीत.

थोडा वेळ ती तो नट हातात खेळवत राहिली. मग म्हणाली, "नानाय, तुझ्यासाठीची खोली मी पिवळी रंगवून घेतली. खिडकी समुद्राकडे आहे. इथला धक्का दिसतो."

मानांगचं हसू थांबलं. तिने हात फडक्याला पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. पोरीने नुसती पैज लावली नव्हती, आई जवळ यावी म्हणून ती खोली रंगवून वाट बघत होती, हे मानांगला तिथे कळलं. मलाही कळलं.

"रंग तसाच राहू दे, इन्दाय," ती म्हणाली. "मी म्हातारी झाले की येईन ना."

मानांग विमिंग त्या दिवशी त्रेसष्ट वर्षांची होती. रोझवी चिखलात गुडघ्यावर बसली, चाकाची एक बाजू तिने धरली, दुसरी आईने डाव्या हाताने धरली, आणि दोघींनी मिळून ते चाक उतरवलं.